पाळण्याचा रंग आणि त्याखालचे थर

सागवानी पाळण्याला किंवा कॉटला पांढरा रंग द्यायचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला तो काळपट तपकिरी कठडा नव्या फ्लॅटच्या फिकट भिंतीपुढे बोजड वाटतो. दुसऱ्याला सागावर रंग चढवणं म्हणजे पैठणीला ठिगळ लावण्यासारखं वाटतं. तिसरा आवाज मिस्त्रीचा, आणि तो कुठल्याच पक्षाचा नसतो. त्याचं उत्तर ‘हो जायेगा’ एवढंच. मग सगळी चर्चा शेडकार्डाभोवती फिरते: आयव्हरी की ऑफ-व्हाइट, पिस्ता की आकाशी. कठड्यावर आधीपासून काय बसलं आहे, ते कसं निघेल आणि निघताना कुठे जाईल, हे सहसा कोणी विचारत नाही. बाळाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं तेवढंच आहे.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत आज वारंवार उभा राहतो, त्याला कारण आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी इथल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरून आणि पलंगाखालून चाळीस-पन्नास वर्षांचं लाकूड बाहेर येतं. त्यात आत्याच्या बारशाला आणलेला आणि पुढे चार घरं फिरून आलेला पाळणा असतो, बाळंतिणीच्या खोलीतलं कपाट असतं, खेळणी ठेवायची पेटी असते. नवी खोली लहान आणि भिंती फिकट. शिवाय डोळ्यांना सवय लागली आहे ती वेगळ्याच फर्निचरची. तुर्भ्याला डिसेंबर 2020 मध्ये आयकिया उघडलं, 2022 साली ते घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये आलं, आणि पांढऱ्या, बर्चच्या फिकट रंगाच्या मुलांच्या खोल्या लोकांनी मांडलेल्या पाहिल्या. ज्यांच्या घरी जुनं लाकूड नाही ते जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातात. तिथे चित्रीकरणाच्या सेटवरचं सामानही विकायला येतं आणि मोडलेल्या संसारांचंही. माल दाखवतानाच दुकानदार विचारतो, ‘व्हाइट करून देऊ का?’

मुंबईचं फर्निचर गडद का, याचा इतिहास तसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई शिसवी लाकडाच्या कोरीव फर्निचरसाठी प्रसिद्ध होती. किल्ल्यातल्या मेडोज स्ट्रीटच्या आसपास त्याची दुकानं होती आणि माल थेट इंग्लंडला जाई. पारशी आणि साहेबी दिवाणखान्यांतला तो काळा थाट पुढे मध्यमवर्गाच्या डोळ्यांत बसला, पण शिसव परवडेना. मग साग आला, आणि सागालाच शिसवासारखं दाखवायची पद्धत पडली. पॉलिशवाल्याकडे स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या तपकिरी रंगाच्या पुड्या असत. लाकडाच्या रेषा खडूची भुकटी, गेरू आणि पिवडीने भरायच्या, त्यावर पुडीचा रंग, त्यावर चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश कापसाच्या बोळ्याने हातावर हात चढवत बसायचं. डाग पडला तरी दिसत नाही आणि दोन वेगवेगळ्या झाडांच्या फळ्या एकसारख्या दिसतात, हे गडद रंगाचे खरे फायदे. सुताराला हलक्या लाकडाची पट्टी मध्येच खपवायची असली तर तिसराही फायदा.

आता गंमत अशी की घरातल्या ज्या वस्तूकडे बघून नव्या आईच्या कपाळाला आठ्या पडतात, ती गडद पॉलिशची वस्तू बहुतेक वेळा घरातली सर्वांत निरुपद्रवी असते. लाख ही किड्याने झाडावर केलेली राळ. तीच शुद्ध करून गोळ्या-औषधांवर आणि मिठायांवर लावली जाते. पारदर्शक पॉलिशमध्ये शिशाचं रंगद्रव्य घालायचं कारणच नसतं, कारण लाकडाची रेषा दिसायला हवी असते. अपवाद जुन्या तैल व्हार्निशचा: अळशीचं तेल लवकर सुकावं म्हणून ते मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, घालून उकळत. त्यामुळे फार जुन्या व्हार्निशात थोडं शिसं असू शकतं.

धोका असतो तो उलट दिशेला, आनंदी रंगांत. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा पांगुळगाडा, हिरव्या कठड्याचा पाळणा, केशरी गोट असलेली खुर्ची. सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी एकेकाळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची आणि लाखेच्या रंगांची असत. लाखेची जागा डब्यातल्या तैलरंगांनी घेतली तेव्हा त्या डब्यात काय आहे हे ना कारागिराला ठाऊक होतं ना गिऱ्हाइकाला. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती घरांत अजून दिसणारं संखेड्याचं घोडियुं म्हणजे खरादावर कातलेल्या दांड्यांचा सागवानी पाळणा. त्यातही असाच फरक करावा लागतो. जुन्या पद्धतीत कथलाची नक्षी काढून त्यावर लाखेचा थर दिला की ती सोनेरी भासे. नंतरच्या मालावर बाजारातले रंग आले. दोन्ही वरवर सारखेच मरून-सोनेरी दिसतात.

रंगातलं शिसं आणि पाळणा यांचा संबंध वैद्यकशास्त्राने जोडला त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्ये मुलांच्या शिसे-विषबाधेचं मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत असल्याचं दाखवलं. उन्हाने रंगाची पूड होई, ती हाताला लागे, हात तोंडात जात. 1914 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या थॉमस आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो शिशाच्या विषबाधेने दगावला होता, आणि त्याला आपल्या कॉटच्या कठड्यावरचा पांढरा रंग दातांनी कुरतडायची सवय होती. त्या काळचा पांढरा म्हणजे सफेदा, शिशाचा कार्बोनेट. आणि शिशाच्या क्षारांची चव गोडसर असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 मध्ये घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्यावर बंधनं घालणारा करार केला, पण तो रंगाऱ्यांसाठी होता. मुलांसाठी नियम येईपर्यंत बरीच दशकं गेली. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घातली ती 1978 मध्ये.

दरम्यान पांढऱ्या रंगाची प्रकृती बदलली. सफेद्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. ते जास्त झाकतं, स्वस्त पडतं आणि विषारी नाही. आपल्याकडे त्याचं मूळ केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स ही कंपनी 1946 सालची. तशी ही काळी, इल्मेनाइटची वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. परिणाम असा की शंभर वर्षांपूर्वी जो रंग पाळण्यावर सर्वांत घातक होता तोच आज सर्वांत कमी शंकेचा, आणि संशयाची सुई सरकली पिवळ्या, केशरी, लाल, हिरव्याकडे. हे रंग खुलवायला वर्षानुवर्षं लेड क्रोमेट वापरलं गेलं. म्हणजे फिकट रंग हवा असणाऱ्या आईचा कल योग्यच आहे, फक्त फिकटातही बदामी-पांढरा आणि लिंबोणी पिवळा यांत फरक करायला हवा.

भारतात शिशाची चर्चा सुरू झाली ती पेट्रोलमुळे. बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह काही मोठ्या शहरांत रक्ततपासण्या केल्या, त्यात निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं सापडलं. त्या कामातून पुढे आलेले डॉ. तुप्पिल वेंकटेश नंतर देशभर ‘लेड मॅन’ म्हणूनच ओळखले गेले. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यानंतर मुंबईतल्या सातशेहून अधिक मुलांच्या रक्ताचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही पातळी ओलांडणारी मुलं साधारण एक तृतीयांश होती. घट मोठी होती, पण पेट्रोल गेलं तरी शिसं गेलं नव्हतं. आज 10 मायक्रोग्रॅमचा तो उंबरठाही सैल मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाही. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं शोषून घेतं ते मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट असतं.

रंगाच्या डब्याकडे लक्ष वेधलं ते दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने. 2007 साली तिने दिल्ली आणि मुंबईच्या बाजारांतून घरगुती रंगांचे नमुने गोळा करून तपासले. भिंतीच्या प्लॅस्टिक रंगांत शिसं नगण्य निघालं. एनॅमलच्या बहुसंख्य डब्यांत मात्र ते भरपूर होतं. लाकडावर आणि लोखंडावर लावतात ते एनॅमलच. भिंत कोणी चाटत नाही, कठडा चाटतात, हे ध्यानात घेतलं की या निष्कर्षाचं गांभीर्य कळतं.

रंग-उद्योगाचं घर तर हीच उपनगरं. 1942 मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा मोठा कारखाना भांडुपला होता, कंपनीचं मुख्यालय सांताक्रूझला आहे. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये तिच्यासाठी काढलेला गट्टू हा हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ मुलगाच होता. त्या काळी मुलाच्या हातात डबा पाहून कोणालाही खटकलं नाही, कारण डब्यातलं शिसं हा तेव्हा विषयच नव्हता.

कायदा आला तो 2016 साली. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमहून, म्हणजे दशलक्ष भागांत 90 भागांहून, जास्त नसावं असा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा नियम 1 नोव्हेंबर 2016 रोजी अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. डब्यावर तसं छापणंही बंधनकारक झालं. मोठ्या कंपन्या त्याआधीच वळल्या होत्या. लहान, स्थानिक डब्यांची शंका आजही घ्यावी लागते. पण नियमातली खरी फट वेगळी आहे. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहे, औद्योगिक रंगांना नाही. आणि उपनगरांत फर्निचर चकचकीत पांढरं करून हवं असलं की मिस्त्री सुचवतो ‘ड्युको’. मुळात ड्युको हे ड्युपॉन्ट कंपनीने 1923 च्या सुमारास मोटारींसाठी आणलेल्या लॅकरचं नाव. आता फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही तुळतुळीत रंगाला ते चिकटलं आहे. हा माल अनेकदा मोटारींच्या रंगांच्या दुकानातून येतो, सुट्या डब्यातून, शेड मिसळून. तो वाईटच असेल असं नाही. पण त्याच्यावर 90 पीपीएमचा शिक्का असायचं बंधन नाही, आणि पाळण्यासाठी तेवढं कारण पुरे. मिस्त्रीने रंग आणला तर बंद डबा समोर उघडायला सांगण्यात संकोच कशाचा?

हातातली जुनी वस्तू कुठल्या जातीची, हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाळण्याच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरायचा. थर चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग लागला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने विरघळतं तर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा ऐंशीच्या दशकानंतर पसरलेलं मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. आणि खालची रेषा दिसतच नसेल, कुठे पोपडा उडून आत निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली गुलाबी असे थर दिसत असतील, तर तो तैलरंग, आणि 2017 च्या आधीचा तैलरंग शिशाचाच धरून चालावं. घरी वापरायच्या शिसे-तपासणीच्या पट्ट्या मिळतात, पण शिसं असलं तर त्या गुलाबी-लाल होतात. मरून पाळण्यावर तो बदल कळणार कसा? मोठी, किमती वस्तू असेल तर खरवडलेला तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देणं हाच रास्त मार्ग. मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत.

खरा गोंधळ सुरू होतो तो थर काढताना. इथे मिस्त्रीची सवय आणि बाळाचं हित यांची गाठ पडत नाही. मिस्त्रीची सवय म्हणजे कोरडा पॉलिश पेपर, आणि तैलरंग जाड असेल तर ब्लोलॅम्प. ब्लोलॅम्पच्या ज्योतीने शिशाची वाफ होते. अमेरिकेत जुन्या रंगकामावर सुमारे 590 अंश सेल्सिअसच्या वरच्या हीट गनलाही परवानगी नाही, ज्योतीला तर नाहीच. कोरड्या घासण्याने धूळ होते, आणि ती दोन खोल्यांच्या घरात कुठे जाणार? स्वयंपाकघरात, पंख्याच्या पात्यांवर, गादीवर. नंतर ती झाडूने काढली तर पुन्हा हवेत उडते. चावून पोटात गेलेल्या एखाद्या पोपड्यापेक्षा ही न दिसणारी धूळ जास्त मुलांना आजारी करते. रंग जुना तैलरंग असेल तर तो घरात घासूच नये. थर घट्ट बसलेला असेल तर कोरडं न घासता ओल्या फडक्याने पुसून, नुसता खडबडवण्यापुरता वॉटर पेपर ओला करून फिरवून, वरून झाकावा. पोपडे सुटत असतील तर ती वस्तू बाळासाठी वापरायचा नाद सोडावा. फार जीव अडकला असेल तर त्यात पुस्तकं ठेवावीत.

लाखेच्या पॉलिशचं तसं नाही. ते स्पिरिटने भिजवलेल्या कॉटन वेस्टने पुसून निघतं. धूळ उडत नाही, फक्त खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. मात्र ओलं काम करताना एक जपावं लागतं. फेविकॉल आलं 1959 मध्ये. ते बनवणाऱ्या पिडिलाइटचं कार्यालय अंधेरी पूर्वेला आहे, तेव्हा हेही इथलंच. त्याआधीचं सुतारकाम जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेलं असे, आणि सरस पाण्याने सुटतो. आजोबांच्या काळचा पाळणा पाण्याने सढळ हाताने धुतला तर संध्याकाळी त्याच्या दांड्या हातात येतील. घट्ट पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढीच त्याची आंघोळ.

हे काम करायचं कधी, याचं एक उत्तर आपल्या रिवाजातच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर सासरचं घर काही महिने मोकळं असतं. घासणं, पॉलिश काढणं, रंग आणि त्याचा वास विरणं या सगळ्याला ते पुरतात. अडचण माहेरी होते. तिथे लेक आल्यावरच उत्साहाने माळ्यावरचा पाळणा खाली काढतात, आणि गर्भवतीच्या शेजारच्या खोलीत पॉलिश पेपर सुरू होतो. गर्भवतीच्या रक्तातलं शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं. म्हणून ज्या घरी ती राहते तिथून पाळणाच मिस्त्रीच्या कारखान्यात जावा, मिस्त्री पाळण्याकडे येऊ नये.

ऋतूचाही हिशेब आहे. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर सुकताना हवेतलं पाणी पकडतं आणि त्यावर दुधी छटा येते. पॉलिशवाले पावसात हात आखडता घेतात तो आळसाने नव्हे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे महिने सर्वांत चांगले.

गडद लाकडावर फिकट रंग देणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे रंग ‘फुटतो’. पांढऱ्याचे दोन हात मारले, छान दिसलं, आणि पंधरा दिवसांत गुलाबी-पिवळे डाग वर आले. कारण खाली पुडीचा रंग आहे, तो नव्या रंगातल्या द्रावकात विरघळून वर चढतो. सागाचा आणखी एक हट्ट: त्याच्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात. वाळवी सागापासून दूर राहते ती त्यांच्याचमुळे, पण तीच द्रव्यं तैलरंग नीट सुकू देत नाहीत. यावर मिस्त्री रंगाचा तिसरा आणि चौथा हात मारतो, आणि डाग पाचव्यांदा वर येतो. उपाय जाडीत नाही, आडोशात आहे. लाकूड थिनरने पुसून घ्यावं, आणि अस्तर देण्याआधी मेण काढून गाळलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. त्यावर शक्यतो पाण्यात मिसळणारं अस्तर द्यावं, म्हणजे खालचे डाग लाखेखालीच अडकतात. अमेरिकेत याच कामासाठी लाखेचं तयार पांढरं अस्तर डब्यात विकतात. लाख मात्र बरीचशी भारतातून जाते. तपकिरी पॉलिश ज्या लाखेचं, त्याच लाखेने ते पांढऱ्याखाली दाबून ठेवायचं. मेण काढायचं कारण असं की मेणाची लाख राहिली तर वरचा पीयू धरत नाही.

वरच्या रंगाची निवड त्या मानाने सोपी आहे. तैल-एनॅमल घट्ट बसतं, पण त्याचा पांढरा उजेड कमी असलेल्या खोलीत पिवळा पडत जातो, आणि उपनगरांतल्या निम्म्या बेडरूमच्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडतात. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक एनॅमल पिवळं पडत नाही, वासही कमी. लाकडाच्या वस्तूला आज ते सर्वांत शहाणपणाचं. पीयू सर्वांत टणक. सुकल्यावर निरुपद्रवी, पण फवारताना त्यातली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक असतात, म्हणून तो कारखान्यातच मारावा. मेलामाइन टाळावं, ते आम्लाने घट्ट होताना आणि नंतरही काही आठवडे फॉर्माल्डिहाइड सोडत राहतं. आणि कुठलाही रंग हाताला सुकलेला लागणं वेगळं, पुरता मुरणं वेगळं. दुसऱ्याला आठवडे लागतात. बारसं बाराव्या दिवशी असतं, रंगाला ते ठाऊक नसतं.

प्लायवर सनमायका लावलेल्या किंवा एमडीएफच्या वस्तूंबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सनमायकाला रंग धरत नाही. धरवायचा तर खास अस्तर लागतं आणि कोपऱ्यांवरून तो निघतोच. एमडीएफच्या उघड्या कडा ओल्या कामात फुगतात. तिथे सनमायकाच बदललेली बरी.

रंग आणि जुनं पॉलिश यांच्या भांडणात एक तिसरा मार्ग सहज विसरला जातो. साग मुळात गडद नसतोच. त्यावरचं तपकिरी पॉलिश काढलं, उरलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडने सौम्य केले आणि लाकूड ओल्या फडक्याने पुसून काही दिवस उन्हाच्या उजेडात ठेवलं, तर जो रंग येतो तो मधासारखा सोनेरी, फिकट भिंतीला शोभणारा. त्यावर बिनरंगाचं पॉलिश. विकायचं झालं तर ओशिवऱ्यात भाव याच सागाला मिळतो, कारण रंगाखाली काय आहे याची खात्री खरेदीदाराला नसते आणि तो तळ खरवडून बघितल्याशिवाय बोलत नाही. शिसवाची गोष्ट वेगळी. त्याचा काळेपणा लाकडाचाच असतो, तो निघत नाही. आणि कोरीव शिसवी पाळणा पांढरा करणाऱ्याला या लेखातून कुठलीही सवलत मिळणार नाही.

बाळाला यातलं काय दिसतं? नवजात मूल 20 ते 30 सेंटीमीटरवरचं बघतं, आणि त्यातही त्याला ठळक फरक कळतो: काळ्यावर पांढरं, आईच्या कपाळावरचं कुंकू. फिकट पिस्ता आणि फिकट आकाशी त्याला सारखेच. तेव्हा पेस्टल रंग हा आईबापांचा हौसेचा खर्च आहे, त्याला बालमानसशास्त्राचं नाव द्यायची गरज नाही. फिकट रंगाच्या बाजूने दोन साधी कारणं मात्र आहेत: ढेकूण आणि मळ लवकर दिसतात, आणि डेंग्यूचा एडिस डास घरात गडद पृष्ठभागांवर, फर्निचरखालच्या अंधारात बसणं पसंत करतो. पाळण्याला पांढरा रंग दिल्याने डास जात नाहीत. पण कठड्यावर बसलेला दिसला तर मारता येतो.

रंग देताना पाळणा मोजून घ्यायला हवा, कारण अपघात बहुधा रंगाने होत नाहीत. अमेरिकेने 2011 मध्ये बाजू खाली सरकणाऱ्या कॉटवर बंदी घातली, आणि कठड्याच्या दोन दांड्यांमधलं अंतर 6 सेंटीमीटरहून जास्त नको हा तिथला दंडक तर त्याहून जुना आहे. त्यातून बाळाचं अंग जाऊन डोकं अडकू शकतं. उंच कपाटं आणि ड्रॉवरची कपाटं भिंतीला अडकवायची, हा धडा आयकियाने 2016 मध्ये अमेरिकेत सुमारे 2.9 कोटी ड्रॉवरची कपाटं परत मागवली तेव्हा जगाला मिळाला. आपल्या जुन्या पाळण्यांत दांड्या देखण्या आणि विरळ असतात. हाताची मूठ सहज जाते. अशा वेळी मिस्त्रीला रंगाच्या आधी मधोमध जादा दांड्या बसवायला सांगाव्या लागतात. त्या दांड्या कोऱ्या लाकडाच्या असल्याने जास्त रंग पितात, म्हणून त्यांना अस्तराचा एक हात अधिक द्यावा लागतो, आणि बिलात तो वेगळा लिहिलेला असतो.